एका हाताचा चुडा

“हात सैल सोड गं. मी हाय न्हवं?”

कुणाच्याही दारात टोपली उतरवली, समोर मनगट आलं, की मणेरीणमावशीचं हे पहिलं वाक्य. मग ती तो हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, चार बोटं एकत्र धरायची, आणि समोरची बाई सासूची तक्रार सांगून संपवेपर्यंत बांगडी मनगटावर जाऊन बसलेली असायची. शिरूरच्या आमच्या आळीत तिनं हात दाबला नाही अशी बाई नव्हती, एक मी सोडून.

मी सोडून, कारण मला बांगड्या भरायच्या नव्हत्या. माझे यजमान लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेले. मी कन्याशाळेत शिक्षिका झाले, एक खोली भाड्यानं घेतली आणि एकटी राहायला लागले. डाव्या मनगटात घड्याळ, उजवं मोकळं. एवढ्या तरुण वयात बाई एकटी राहते म्हणून आळीला माझी फार काळजी होती, म्हणजे आल्यागेल्यावर बारीक नजर होती. अशा घरात बांगड्या विकणाऱ्या मणेरणीचं काय काम, असं त्या नजरेलाही कोडं पडलं असेल. पण शाळा सुटून मी चहाचं आधण ठेवलं की ती यायचीच.

“जरा टेकू द्या, बाई. तुमच्याकडं मला काय विकायचं न्हाई, म्हनून बरं वाटतं,” ती म्हणायची. पहिल्यांदा ते मला लागलं होतं. पुढे त्याची सवय झाली, आणि एखाद्या दिवशी ती आली नाही तर मीच दारात जाऊन बघायला लागले.

उंच, किडकिडीत, डोक्यावरून पदर, दातांवर मिश्रीचा काळा पट्टा. तिच्या घरात पिढ्यानपिढ्या बांगड्यांचाच धंदा. नवरा सायकलवर माल बांधून खेड्यापाड्यांना जायचा, ही गाव सांभाळायची. बांगड्या भरून झाल्या की बाया तिला वाकून नमस्कार करायच्या, कारण चुडा भरणाऱ्या हाताला नमस्कार करायचा अशी रीतच आहे. मुसलमानाची बाई म्हणून एरवी अंग चोरणाऱ्या काकूसुद्धा वाकायच्या. नंतर आत जाऊन हात धुवायच्या, ते वेगळं. मावशीला ते ठाऊक होतं. “धुऊ द्या की. काचेला काय हुतंय?” म्हणायची.

तिची लेक रशीदा माझ्या वर्गात होती, सातवीपर्यंत. बारीक अंगाची, आईच्याच डोळ्यांची, आणि अक्षर असं सुरेख की फळ्यावर सुविचार लिहायचं काम मी तिलाच देऊन टाकलं होतं. चौदाव्या वर्षी तिला काय झालं ते कुणालाच नीट सांगता येईना. आज येईल, आज त्याला नावं आहेत, गोळ्या आहेत. त्या काळात शिरूरला त्यासाठी दोनच शब्द होते, एक ‘नखरे’ आणि दुसरा ‘बाहेरचं’.

महिना दीड महिना पोर भिंगरी व्हायची. पहाटे उठून सगळं घर सारवायची, मग शेजारणीचं सारवायची, मग मैत्रिणींचे निबंध लिहून द्यायची. गाणं थांबायचं नाही, बोलणं थांबायचं नाही, झोप म्हणाल तर नावाला नाही. आणि मग एके दिवशी सगळं बंद. भिंतीकडे तोंड करून पडायची. केस विंचरायचे नाहीत, भाकरीचा तुकडा तोंडात घातला तर तो गालात तसाच राहायचा. असे दोन दोन महिने जायचे. मग हळूहळू उठून बसायची, काही आठवडे तुमच्या-आमच्यासारखी असायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

“आज कशी आहे?” मी चहा गाळताना विचारायची.

“हात जड हाय, बाई.” म्हणजे पडून आहे.

“हात पळतोय.” म्हणजे भिंगरी.

आणि क्वचित कधी, “आज हात हातात हाय.” हे ऐकलं की मी चहात दुधाचा हात सैल सोडायची.

रोज सकाळी उठल्याबरोबर ती लेकीचा हात हातात घ्यायची, बांगडी भरताना घ्यावा तसाच. हाताच्या ढिलेपणावरून, उबेवरून तिला दिवस कसा जाणार ते कळायचं म्हणे. कधी कधी तिचा अंदाज साफ चुकायचाही. मग संध्याकाळी येऊन म्हणायची, “आज हातानं फसवलं की वो मला.”

जड हाताचे दिवस फार वाईट. आडाचा दोर ती शेजारणीकडे नेऊन ठेवायची, आणि निजताना रशीदाच्या ओढणीचं टोक आपल्या मनगटाला बांधून घ्यायची. पोर हलली की हिला जाग. “झोप लागते का तुम्हाला?” मी एकदा विचारलं. “लागती की. पन कान झोपत न्हाईत,” ती म्हणाली, आणि बोलता बोलता माझ्या भिंतीला टेकून तिचा डोळा लागला. कपातला चहा निवून गेला. मी उठवलं नाही.

उपाय म्हणाल तर तिनं कशाचीच कसर ठेवली नाही. दर्ग्याला नेलं, ताईत बांधले. हिंदू शेजारणींनी आपला देवऋषी सुचवला, त्याचाही गंडा बांधला. रशीदाच एकदा म्हणाली, “अम्मा, आता बास. मान मोडंल.” गावातल्या डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले आणि सांगितलं, या वयात मुलींना असं होतं, लग्न करून टाका, डोकं ठिकाणावर येईल. कुणी म्हणालं, येरवड्याला ठेवा. त्या माणसाच्या बायकोला मावशीनं पुढे वर्षभर बांगड्या भरल्या, पण तिचा हात एवढ्या जोरात दाबायची की बाई दर वेळी कळवळायची.

लग्न करून टाका, हे मात्र सगळ्यांचं एकमत होतं. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. पोरीच्या पोटात दुखो की डोक्यात, आपल्याकडे औषध एकच.

रशीदा सतराची झाली आणि स्थळ आलं. दौंडचं. मुलगा रेल्वेत, इंजिनाच्या शेडमध्ये खलाशी. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर, अंगात व्यसन नाही. मावशीच्या नवऱ्याच्या नात्यातलेच लोक, पण लांबचे, त्यांना इकडचं काही ठाऊक नव्हतं. आणि दैव असं की ते पोरगी बघायला आले तेव्हा हात पळत होता. रशीदानं सगळा स्वयंपाक एकटीनं केला, पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं, मुलाच्या आईला बसल्या बसल्या नव्या बांगड्या भरल्या, आणि तिला इतकं हसवलं की तिला ठसका लागला. “आमच्या घरात समदी मुखदुर्बळ. अशी चुणचुणीत पोरच पायजे व्हती,” ती बाई म्हणाली. सुपारी फुटली.

मावशी त्या दिवशी माझ्याकडे आली ती बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, “बाई, पोर बरी झाली.”

“हात काय म्हणतो?”

“हात आता बघायचाच न्हाई मी. आता सासरची बघतील.”

मी तिखट स्वभावाची आहे, ते सगळ्या शिरूरला माहीत होतं. मी म्हणाले, “मावशी, त्यांना सांगितलंत का?”

“काय सांगू?”

“जे आहे ते.”

तिचा चेहराच बदलला. “खरं सांगून कुनाचं लगीन झालंय, बाई? कुनी दमा लपवतंय, कुनी फेफरं लपवतंय. मी घराघरातले हात बघितल्यात, मला ठावं हाय कुनी काय लपवलं त्ये. पोरं झाली, संसार झाले, काय अडलं?”

“आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली तर?”

“तर बघतील त्ये लोक. तीन वर्सं मी बघितलं न्हवं? मी काय लोखंडाची हाय का? मला एक दिस पायजे, बाई. एकच दिस, का सकाळी उठून मला कुनाचा हात बघायचा न्हाई.”

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिनं टोपली उचलली. दारातून वळून म्हणाली, “तुम्हाला लेक असती तर कळलं असतं.”

मी दार लावून घेतलं. जोरात लावलं. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्या दारावरून टोपली घेऊन जायची आणि आत बघायची नाही, आणि मी आधण एका कपाचं ठेवायची. दोघीही हट्टी. तिचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. ती इतकी दमलेली होती की तिच्याशी भांडावंसंही वाटू नये, आणि तरी मी भांडले होते.

चुडा भरायच्या दिवशी सकाळी तिचा नवरा सायकल घेऊन दारात आला. “बाई, तिनं बलिवलंय. यायलाच पायजे म्हनली,” एवढंच सांगून गेला. मी गेले. रुसवा पोटात ठेवून मांडवात कसं जायचं, पण घरी बसवलंही नसतं.

नदीच्या अंगाला त्यांचं घर. दुपारची वेळ, दारात दोन बाभळींच्या सावलीत पुरुष, आत बायका. दौंडहून मुलाची आई आली होती, एक स्थूल, घामेजलेली, मायाळू बाई, आणि बरोबर तिची थोरली जाऊ. हिरवा चुडा त्यांच्याकडून आला होता. मणेराच्या घरात लेकीचा चुडा आई भरत नाही, दुसऱ्या घरची मणेरीण बोलावतात, कारण आईच्या डोळ्यांत पाणी येतं आणि काच दिसत नाही. पण मावशीनं हट्ट धरला होता. “आख्ख्या शिरूरचे हात मी भरले. माझ्या पोरीचा हात दुसऱ्याच्या हातात न्हाई द्यायची.”

रशीदा मधोमध बसली होती. पिवळं लुगडं, डोळ्यांत काजळ, आणि तोंड सारखं चालू. दौंडला गेल्यावर ती इंजिन चालवायला शिकणार होती. क्वार्टरीपुढे बाग करणार होती, राहू गावाहून गुलाबाची कलमं आणणार होती, शेडमधल्या सगळ्या खलाशांना रोज जेवू घालणार होती. बायका हसून हसून बेजार. मुलाची आई तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होती. मावशी हसत नव्हती. खाली मान घालून ती एकेक बांगडी चढवत होती. उजवा हात भरून झाला. तिनं डावा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला, आणि तशीच थांबली.

“हात सैल सोड,” ती म्हणाली.

पुढचं वाक्य तिच्या तोंडातून निघेना. मी समोरच बसले होते, मला ते दिसलं. मी हाय न्हवं, असं ती कुठल्या तोंडानं म्हणणार? दौंडला ती नसणार होती.

हातातली बांगडी तिनं परत टोपलीत ठेवली. लेकीचा हात मात्र सोडला नाही. मुलाच्या आईकडे बघून म्हणाली, “विहीणबाई, एक इचारते. माझी पोर आता पळतीया. महिनाभर झाला, झोपली न्हाई. म्हनून तुम्हाला चुणचुणीत दिसती. ह्ये उतरंल. मंग ती पडंल. भितीकडं तोंड करून दोन दोन महिने पडती. खात न्हाई, बोलत न्हाई, जीव नको म्हंती. लबाडी न्हवं ती, नखरा बी न्हवं. तवा तुम्ही काय कराल, त्येवढं मला सांगा. तुम्ही सांगा, आन् मी दुसरा हात भरते.”

रशीदासुद्धा बोलायची थांबली. मुलाची आई तोंड उघडं ठेवून बघत राहिली. ती वाईट बाई नव्हती. तिला काही सुचत नव्हतं, इतकंच. क्षणभर मला वाटलं की ती आता काहीतरी बरं बोलेल. पण बोलली तिची जाऊ.

“त्यात काय येवढं? सासरी आल्यावर कोन पडून ऱ्हातंय? दोन दिल्या का उठतंय माणूस. आम्ही बरं पडू देऊ.”

एक-दोघी हसल्यासुद्धा. त्यांना वाटलं, सवालाला जवाब मिळाला. मावशीनं मान हलवली. मग तिनं लेकीचा उजवा हात मांडीवर घेतला आणि भरलेला चुडा उतरवायला लागली.

भरलेला चुडा उतरवणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. बायका “अगं अगं” करत पुढे झाल्या. तिच्या नवऱ्याला कुणीतरी हाक मारली, तो दारापर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला. मावशी रडत होती, उघड, पदर न लावता, आणि रडता रडता बांगड्या काढत होती. तिला काच दिसत होती की नाही कोण जाणे, पण एकही पिचली नाही. रशीदा म्हणाली, “अम्मा, राहू दे ना. मला आवडल्यात.” आजही हे वाक्य मला नको वाटतं. “व्हय गं,” मावशी म्हणाली, “मला बी आवडल्यात,” आणि पुढची काढली.

मुलाच्या आईनं उठून पदर सारखा केला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, “सांगितलं त्ये बरं केलं, बाई. पन चुडा भरताना सांगायचं असतंय व्हय?” तिचंही बरोबरच होतं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मावशीला लग्नाघरची बोलावणी बंद झाली. भरला चुडा उतरवणारी बाई नवरीच्या हाताला कोण लावणार? हिंदूंनी लावली नाही, मुसलमानांनीही लावली नाही, त्या बाबतीत गावात फार एकोपा होता. रशीदा पडली ती या खेपेला उठायचं नाव घेईना. आणि मावशी एका दुपारी माझ्या दारात येऊन नेहमीच्या जागी बसली, जशी काही काल संध्याकाळीच उठून गेली होती.

“चुकले का वो मी?”

“मला माहीत नाही, मावशी.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “बरं वाटलं. समदे मला सांगत्यात, कुनी म्हंतंय बरूबर केलं, कुनी म्हंतंय घात केला. माहीत न्हाई म्हननारं कुनीतरी पायजे व्हतं.” मग चहा पिऊन म्हणाली, “एका घरात द्यायची व्हती, जमलं न्हाई. आता समद्या गावात थोडी थोडी देते.”

मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. दुसऱ्या दिवशी कळला. रशीदाला तिनं उठवलं, तोंड धुतलं, केस विंचरले, आणि बोटाला धरून फेरीला घेऊन निघाली. सतरा वर्षांची पोर, नजर जमिनीला, पाय ओढत चाललेली. प्रत्येक दारात मावशी टोपली उतरवायची आणि बांगड्यांच्या आधी लेकीचं सांगायची. “आज हिचा हात जड हाय. काय इचारू नका. पानी द्या, आन् बसू द्या.” हात पळत असेल तर, “आज ही लई बोलंल. ऐका निम्मं, सोडा निम्मं. पन आडाकडं जाऊ देऊ नका.” दारोदार, रोज तेच. एखाद्या देवीचं गाणं म्हणावं तसं ते तिचं पाठ झालं होतं.

सुरुवातीला बायकांनी नाकं मुरडली. आमच्या कोपऱ्यावरच्या वाणीणकाकूंनी तर स्पष्ट सांगितलं, घरात सून पोटुशी आहे, तुझी पोर आणू नकोस. मावशी शांतपणे म्हणाली, “काकू, तुमच्या सासूबाईंना म्हातारचळ लागला व्हता, तवा त्या मला हात भरताना चापट मारायच्या. मी आले न्हाई व्हय?” वर्षभरात त्याच काकू रशीदाला ताकाचा पेला काढून ठेवायला लागल्या, आणि ती काही न बोलता परत गेली तर चार घरं पलीकडे जाऊन विचारायच्या, पोर इकडे आली का म्हणून.

सोपं काही नव्हतं. पळत्या हातात रशीदानं एकदा अख्खी टोपली मुलींच्या शाळेपुढे वाटून टाकली. मावशी दुसऱ्या दिवशी दारोदार, “काल माझी लेक नवाबीण झाली व्हती, जरा बघा वो कुनाकडं काय हाय.” बहुतेक परत मिळालं. एकदा शिक्रापूरच्या बाजारातून पोर नाहीशी झाली. भाजीच्या ट्रकवर चढून पुण्याच्या वाटेला लागली होती. त्या ड्रायव्हरची बायको शिरूरची. त्यानं आरशात बघितलं, “ही तर मणेरीणमावशीची पोर,” म्हणाला, ट्रक कडेला घेतला, आणि उलट येणाऱ्या गाडीत तिला बसवून दिलं. मावशीनं मला ही गोष्ट हसत सांगितली. सांगून झाल्यावर तिनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पुढे माझी बदली दौंडला झाली. अधूनमधून बाजाराच्या दिवशी ती एसटीनं न्हावऱ्यावरून यायची, लेकीला घेऊन. इंजिनांच्या शिट्ट्या ऐकल्या की रशीदा खिडकीशी जाऊन उभी राहायची. मावशीनं एकदाच विचारलं, “त्यो पोरगा दिसतो का?” मी सांगितलं, दिसतो, लग्न झालं, दोन मुलं आहेत. “बरं झालं,” ती म्हणाली.

तिचे केस एव्हाना पांढरे झाले होते. वय फार नव्हतं. माझ्याकडे आली की तिला पहिल्यांदा झोप हवी असायची. खुर्चीत बसल्या बसल्या मान मागे टाकून घोरायची, आणि रशीदा तिच्या पायांतल्या वहाणा काढून ठेवायची. एकदा झोपेतून उठून, तोंडही न पुसता, तिनं विचारलं, “माझ्यामागं हिचं काय, बाई?”

काय सांगणार? मी म्हणाले, “गाव आहे की.”

“गाव गाव काय म्हंता? गावाला काय हात असत्यात? दार उघडनारी एकेक बाई असती. तिला सांगून ठिवावं लागतं. एक मेली, एक नवी सून आली, का पुन्यांदा सांगावं लागतं. दमले वो मी सांगून सांगून.” आणि तिनं वहाणा पायात सरकवल्या, कारण गाडीची वेळ झाली होती.

ती गेली कावीळ होऊन, थोड्याच दिवसांच्या दुखण्यानं. मला कळायलाही उशीर झाला. शिरूरची एक जुनी विद्यार्थिनी दौंड स्टेशनवर भेटली, तिनं सांगितलं. मी तिथंच बाकावर बसले. रडू आलं, आणि रागही आला. कुणावर ते सांगता येणार नाही. त्या बाईला तिचा एक दिवस काही मिळाला नव्हता.

शाळेला सुट्टी लागली तशी मी शिरूरला गेले. मनात एकच होतं, रशीदाचं काय झालं असेल. बाप थकला होता, त्याच्यानं होणार नव्हतं. स्टँडवरून चालत आळीच्या तोंडाशी आले, आणि मला ती दिसली. डोक्यावर टोपली. एकेक पाऊल असं टाकत होती की त्यासाठी तिला आधी मनाची तयारी करावी लागत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे जड दिवस आहेत. मी हाक मारणार होते, पण ती एका दारापुढे थांबली. हाळी दिली नाही, कडी वाजवली नाही. नुसती उभी राहिली.

आतून एक बाई आली. मी तिला ओळखत नव्हते, नवी सून असावी. तिनं कडेवरचं मूल खाली ठेवलं आणि टोपली उतरवून घेतली. आत जाऊन तांब्या आणला. रशीदा पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून बसली. त्या बाईनं आपल्याच हातानं बांगड्या निवडल्या, आपलाच हात दाबत, तोंड वेडंवाकडं करत भरल्या. एक पिचली. तिचेही पैसे तिनं टोपलीत टाकले. एवढ्या वेळात दोघींत एक शब्द झाला नाही. मग तिनं रशीदाला दंडाला धरून उठवलं, टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली, नीट बसली का ते बघितलं, आणि पलीकडच्या घराकडे तोंड करून म्हणाली,

“अगं ए, रशीदा येतीया. दार उघड.”